मंडईतला प्रॉम्प्टर

आमच्या नाटक कंपनीत सगळ्यांत जास्त वाक्यं ज्याच्या तोंडी होती, त्याला प्रेक्षकांनी कधी पाहिलं नाही. राजाची वाक्यं त्याची, राणीची त्याची, दरवानाचं "महाराज, पाहुणे आलेत" हेसुद्धा त्याचंच. विंगेत एका उलट्या खोक्यावर बसायचं, मांडीवर वही, वहीवर छोटा टॉर्च, आणि पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत सगळं नाटक ओठांतल्या ओठांत म्हणायचं. कुणी अडखळलं की तेवढंच एक वाक्य ओठांबाहेर यायचं. आम्ही त्याला कुजबुजे म्हणायचो. हे नाव इतकं चिकटलं की लग्नानंतर सगळे त्याच्या बायकोला कुजबुजे वहिनी म्हणायला लागले, आणि तिला वाटलं, लग्न ठरवताना आपल्याला भलतंच आडनाव सांगून फसवलं.

प्रॉम्प्टरचं काम सोपं वाटतं. नट विसरला की आठवण करून द्यायची, संपलं. पण मोठे नट मुद्दामही थांबतात. अशा वेळी विंगेतून घाईने वाक्य आलं तर रंगलेला प्रवेश पाण्यात जातो. कुजबुजेने कधी घाई केली नाही आणि कधी उशीरही केला नाही. मी एकदा विचारलं, "अरे, तुला कळतं कसं?"

"श्वासावरून, ताई. मुद्दाम थांबलेला माणूस श्वास घेत राहतो. विसरलेला धरून ठेवतो."

एका प्रयोगात मी राणी होते. सिंहासनावरून उठले, हात वर केला, आणि डोकं घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं लख्ख रिकामं. हात तसाच वर. पहिल्या रांगेतल्या एका माणसाने माझ्या हाताकडे बघून वर छताकडे पाहिलं. तेवढ्यात वाक्य आलं, सुईत दोरा ओवावा तसं थेट माझ्या कानात. शेजारी उभ्या प्रधानालाही ते ऐकू गेलं नाही. टाळ्या मला पडल्या. आत जाऊन आभार मानले तर हा म्हणतो, "वाक्य तुमचंच होतं. मी फक्त परत दिलं."

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सगळे पांगलो. कुणी दुकान काढलं, कुणी मुलाकडे गेलं. कुजबुजे नगरपालिकेत कारकून म्हणून चिकटला. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर त्याने वीस वर्षं काढली. त्याच्या आवाजाला ती जागा साजेशी होती. मुलगा झाला म्हणून उड्या मारत आलेला बापसुद्धा त्या खिडकीशी हळू बोलायला लागायचा. योगायोगाने आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो. ते दोघं दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना पिशव्यांचा नियम आला. दुकानदाराने प्लॅस्टिकची पिशवी फुकट द्यायची नाही. गिऱ्हाइकाने मागितलीच तर जाड पिशवी द्यायची आणि तिचे पैसे घ्यायचे. नियम मोडला तर दुकानदाराला दंड. मंडईत उभं राहून हे सगळं बघायला एक माणूस हवा होता. नगरपालिकेत तगडे, मिशाळ, मोठ्या आवाजाचे अनेक जण होते, पण मंडईतल्या बायकांच्या तोंडी कोण लागणार? त्या सगळ्यांना एकाच आठवड्यात पाठदुखी झाली. काम कुजबुजेच्या गळ्यात पडलं. दंडाला हिरवी पट्टी, हातात पावतीपुस्तक आणि गळ्यात शिट्टी.

पहिल्या दिवशी त्याने शिट्टी वाजवली. मासेवालीच्या टोपलीजवळ बसलेल्या मांजराने एक डोळा उघडला आणि मिटला. बाकी कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग तो बटाटेवाल्यासमोर उभा राहून नियम सांगायला लागला. बटाटेवाला बराच वेळ कान पुढे करून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, घसा बसलाय तुमचा. आलं चघळा."

दोन दिवस असेच गेले. संध्याकाळी तो जिना चढायचा तेव्हा पट्टी काढून खिशात घातलेली असायची. तिसऱ्या दिवशी मात्र तो माझ्याकडे आला तो हसतच.

"ताई, हे लोक अडेलतट्टू नाहीत. विसरलेले आहेत."

झालं होतं असं. एक बाई कांदे घेत होती. कांदेवाल्याचा हात सवयीने पोत्याखालच्या पिशव्यांकडे गेला, बाईचा हात सवयीने पिशवीसाठी पुढे आला, आणि मध्येच दोघं थबकले. काहीतरी करायचं नाही, एवढं दोघांनाही आठवत होतं. काय ते आठवत नव्हतं. कुजबुजे बाईच्या मागे उभा होता. दोघांनी श्वास धरलेला त्याने ऐकला. मग त्याच्याच्याने राहवलं नाही.

"माझ्या पर्समध्ये पिशवी आहे," त्याने वाक्य दिलं.

"थांबा, माझ्या पर्समध्ये पिशवी आहे!" बाई मोठ्याने म्हणाली, आणि खरंच घडी घातलेली कापडी पिशवी तिने बाहेर काढली. मागे वळूनही पाहिलं नाही.

"पण तुला कसं कळलं तिच्या पर्समध्ये आहे ते?" मी विचारलं.

"सगळ्यांच्याच असते, ताई. घरून निघताना घेतात. दुकानात आल्यावर विसरतात."

त्या दिवसापासून त्याने शिट्टी घरी ठेवली. मंडईत मधोमध लोखंडी खांबांची रांग आहे. त्या खांबांच्या आडोशाने तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायला लागला, अगदी विंगेत फिरावं तसा. हात पिशवीकडे गेला की कुजबुज. गिऱ्हाइकाला गिऱ्हाइकाचं वाक्य, दुकानदाराला दुकानदाराचं. लोक ते वाक्य जसंच्या तसं बोलायचे आणि वर स्वतःच्या शहाणपणावर खूश व्हायचे. एक निवृत्त गृहस्थ तर सगळ्यांना सांगत सुटले, की या वयात मला अंतर्मनाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, फक्त तो भाजी घेतानाच येतो.

मासेवालीने मात्र त्याला दुसऱ्याच दिवशी पकडलं. "तुम्ही होय! मला वाटलं, माझी सासू वरून बोलतेय. जिवंत असताना कधी हळू बोलली नाही, म्हणून मी घाबरले."

तिला एकदा कळलं आणि मग साऱ्या मंडईला कळलं. पण कुणाला राग आला नाही. उलट दुकानदार सावध झाले. एक गिऱ्हाईक हट्टाला पेटलं, मी इतकी वर्षं येतो, मला पिशवी फुकटच हवी म्हणून. कुजबुजे खांबाआडून नुसता बघत राहिला, कारण हा माणूस व्यवस्थित श्वास घेत होता. त्याला उत्तर मासेवालीने दिलं. "नसेल पिशवी तर मासे खिशात घाला. घरी मांजर सोबत येईल ते वेगळं."

महिना संपला. मंडईत उडणाऱ्या पिशव्या दिसेनाशा झाल्या. आणि पावतीपुस्तक कोरं.

नगरपालिकेत स्वच्छता विभागाला नवीन अधिकारी आल्या होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं धरून झटकलं, जणू पावत्या आत कुठे अडकल्या असतील.

"एकही नाही? महिन्याभरात एकही दुकानदार चुकला नाही?"

"चुकत होते, मॅडम. मी आठवण केली."

"आठवण करायला तुम्हाला ठेवलंय का? बाकीच्या मंडयांतून पुस्तकं भरून येतात. तुमचं कोरं. वरचे लोक काय समजतील? एक तर तुम्ही जागेवर नसता, नाहीतर दुकानदारांशी तुमचं साटंलोटं आहे." मॅडमनी पुस्तक परत दिलं. "गुरुवारी मी स्वतः येऊन दहा दुकानं तपासणार. एक जरी चुकलं तरी तुम्ही डेपोवर."

डेपो म्हणजे गावाबाहेरचा कचरा डेपो. तिथे वजनकाट्याच्या खोलीत बसून येणाऱ्या ट्रकांची नोंद करायची. सकाळी नगरपालिकेच्या गाडीने जायचं, संध्याकाळी त्याच गाडीने परत. कामाला कुजबुजे भीत नव्हता. त्याला काळजी पडली ती दुपारच्या बाराची.

त्याचं कारण वहिनी. चार महिन्यांपूर्वी ती स्टुलावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायला हवं, नाहीतर पाय कायमचा आखडेल. वहिनी सकाळी अंगाने जड असायची आणि संध्याकाळी दमलेली. दुपारी बाराला तेवढी ती उभी राहायची. मंडई घरापासून पाच मिनिटांवर. कुजबुजे बाराच्या ठोक्याला घरी यायचा, तिचा हात खांद्यावर घ्यायचा आणि दुसऱ्या मजल्याच्या लांब गॅलरीतून तिला चालवायचा. मग दोघं जेवायचे आणि तो परत जायचा. मी दोनदा म्हटलं, मी चालवते की. वहिनीने माझ्याबरोबर तीन पावलं टाकली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही पडाल, आणि मग यांना दोघींना चालवावं लागेल."

वहिनी बोलते मोठ्याने, कारण तिला ऐकू कमी येतं. ऐकू न येणाऱ्या बाईने कुजबुजणाऱ्या माणसाशी तीस वर्षं संसार केला कसा, असं लोक विचारतात. ती म्हणते, "ओठ वाचते. वाचायचं नसलं की भिंतीकडे बघते."

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. म्हटलं, "अरे, चार पावत्या फाडून टाक की. कुणी मरत नाही. कांदेवाला दंड भरेल, तुला दोन शिव्या देईल आणि विसरेल."

"ताई, तुम्ही राणी होऊन हात वर करून उभ्या होतात तेव्हा मी विंगेतून ओरडून सांगितलं असतं, की बघा हो, या विसरल्या! तर?"



"काय म्हणतायत?" वहिनीने मला विचारलं. तिने त्याच्या ओठांवरची नजर काढून भिंतीकडे वळवली होती.

"पावती फाडणार नाही म्हणतोय."

"ते ठाऊक आहे मला. मग डेपोवर जाणार का?"

कुजबुजेने हिरवी पट्टी उचलली आणि घडी घालून उद्यासाठी ठेवली.

गुरुवारी मी मुद्दाम मंडईत गेले. मॅडम आल्या त्या वेष पालटून. डोक्याला मोठा रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात रेनकोट, हात मोकळे. वेष पालटणारे लोक चेहरा झाकतात आणि चाल विसरतात. त्यांच्या भरभर चालण्यावरून त्यांना साऱ्या मंडईने दारातच ओळखलं. कुजबुजेला त्यांनी हुकूम दिला, "माझ्या मागे दोन पावलांवर राहायचं. तोंडातून अक्षर काढायचं नाही."

प्रॉम्प्टरला मागे उभं करायचं आणि गप्प बसवायचं! इतकी कडक शिक्षा आमच्या कंपनीच्या मालकांनाही कधी सुचली नव्हती.

पहिलं दुकान बटाटेवाल्याचं. "दोन किलो द्या. आणि पिशवी द्या."

"पिशवी घरून आणा, मॅडम. नाहीतर विकत घ्या, जाड आहे."

मॅडमनी नको म्हटलं. विकत पिशवी घेतली तर परीक्षा कसली! त्यांनी रेनकोटाच्या दोन्ही खिशांत बटाटे भरले. दुसरीकडे कोबी घेतला, तो काखेत गेला. कांदेवाल्याने मान हलवली, खिळेवाल्याने मान हलवली. खिळे कागदाच्या पुडीत मिळाले, ती पुडी मुठीत. टोमॅटोवालीपाशी हात संपले. तिने इतक्या गोडीने नाही म्हटलं की मॅडमना डोक्याचा रुमाल सोडून त्यात टोमॅटो बांधावे लागले. मासेवाली म्हणाली, "तुमच्याकडे जागा कुठाय आता? चष्म्यात ठेवू का मासा?" चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तो वर करायला मॅडमकडे एक बोट मोकळं नव्हतं. दुकानं पास होत गेली तसा वेष गळत गेला. मागे दोन पावलांवर कुजबुजे ओठ आत ओढून चालत होता. नऊ दुकानं झाली. नऊच्या नऊ स्वतःच्या आठवणीने बोलली.

दहावं अंडीवाल्याचं. हा म्हातारा अत्यंत मऊ मनाचा. अंडी मोजतानासुद्धा तो त्यांना दुखणार नाही अशा बेताने उचलतो. मॅडमनी बारा अंडी मागितली, त्याने मोजली, आणि मग दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एका काखेत कोबी, दुसऱ्या हाताला टोमॅटोंचा रुमाल, मुठीत खिळे, कोटाचे खिसे बटाट्यांनी लोंबलेले, केस कपाळावर. या बाईने बारा अंडी न्यायची कशी? अंडीवाल्याच्या डोळ्यांत दया दाटली. त्याचा हात गवताखाली गेला. तिथे त्याची एक जुनी पातळ पिशवी होती. ती त्याने काढली आणि पुढे केली. आणि मॅडमनी, परीक्षा विसरून, नियम विसरून, मनापासून हात पुढे केला. दोन बोटं मोकळी झाली होती तेवढी.

मासेवालीने तोंडावर हात ठेवला. अंडीवाल्याने श्वास धरला होता, मॅडमनी श्वास धरला होता, आणि मी स्वतःही धरला होता. त्या घटकेला ती पिशवी मॅडमच्या हातात पडली असती तर दहावं दुकान चुकलं, आणि दंड कुणाला करायचा, हाही पेचच होता. कुजबुजेने डोळे मिटून घेतले. तोंडातून अक्षर काढायचं नाही, असा हुकूम होता. पण आयुष्यात ज्याने कुणाला उघडं पडू दिलं नाही त्याच्या ओठांना हुकूम काय अडवणार?

"ही नको. जाड पिशवी द्या आणि पैसे घ्या."

ते वाक्य आम्हा कुणालाच ऐकू गेलं नाही. आम्हाला ऐकू आलं ते मॅडमचं. खणखणीत आवाजात, मान ताठ करून, शब्दाला शब्द. "ही नको! जाड पिशवी द्या आणि पैसे घ्या!"

टाळ्या पडल्या. मंडईत कधी टाळ्या पडत नाहीत, पण त्या दिवशी पडल्या. बटाटेवाल्याने तर तराजूचं पारडं वाजवलं. मॅडम क्षणभर टाळ्या ऐकून खूश झाल्या, आणि मग त्यांना लक्षात आलं, की हे वाक्य आपलं नव्हतं. त्या सावकाश मागे वळल्या.

"तुम्ही बोललात?"

"हो, मॅडम." कुजबुजेने मान खाली घातली. "चूक झाली. तुम्ही सांगितलं होतं तरी बोललो."

"माझ्या कानात बोललात. मला वाटलं मीच..." त्यांनी काखेतला कोबी खाली ठेवला. पिशवीचे पैसे दिले, कोबी, टोमॅटो, बटाटे, खिळे, अंडी सगळं तिच्यात भरलं आणि निघून गेल्या. चाल पहिल्यांदाच हळू होती, पण ती अंड्यांमुळेही असेल.

कुजबुजे घरी आला तो चेहरा पाडून. हुकूम मोडला होता, तोही दोन पावलांवरून. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, हात खांद्यावर ठेवला आणि गॅलरीकडे मान केली.

दुसऱ्या दिवशी बाराला मी त्यांच्या मजल्यावर होते. दोघं गॅलरीच्या मधोमध होते तेवढ्यात जिन्यावर भरभर पावलं वाजली. मॅडम आल्या होत्या. दोघांना तसं चालताना बघून त्या जिन्याच्या तोंडाशीच थांबल्या.

"काका, मला तुमच्याशी बोलायचं होतं."

"काय म्हणते ही पोरगी?" वहिनी म्हणाली. "मोठ्याने बोल, बाळ! आमच्या घरात हळू बोलणारा एक आहे, तेवढा पुरे."

मग मॅडमना जे काही सांगायचं होतं ते ओरडून सांगावं लागलं, आणि चारही मजल्यांनी ते ऐकलं. दहापैकी दहा दुकानं पास झाली होती. दुसऱ्या तीन मंडयांत पावत्यांची पुस्तकं भरत होती आणि पिशव्या तशाच उडत होत्या. तेव्हा काकांनी डेपोवर जायचं नाही. तिन्ही मंडयांत फिरून तिथल्या माणसांना हे काम शिकवायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पगारात थोडी वाढही होईल.

कुजबुजेने वहिनीकडे पाहिलं. त्याला नाही म्हणता येत नव्हतं आणि हो म्हणवत नव्हतं. तीन मंडयांतली एकही घरापासून पाच मिनिटांवर नव्हती.

"यांना नकार देता येत नाही," वहिनी कडाडली. "लग्नालाही असंच गप्प राहून हो म्हणाले. सकाळी ने कुठे न्यायचं ते. संध्याकाळी ने. बाराला हा माणूस मला इथे हवा. पगार नको वाढवू, गाडी दे."

"गाडी?"

"डेपोला रोज जाते ना तुमची? तीच वळव."

मॅडम हसल्या. हसताना त्या अगदीच लहान दिसायला लागल्या. "बघते," म्हणाल्या.

"नुसती बघू नको. उभी का राहिलीस? या बाजूचा हात धर. हे थकलेत, कालपासून जेवले नाहीत धड."

मॅडमनी पर्स माझ्या हातात दिली आणि वहिनीचा दुसरा हात धरला. तिघं गॅलरीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. वाटेत वहिनीने दोनदा सांगितलं, "घाई करू नको, मी काही अंडी नाही, पण फुटेन." आणि मॅडमच्या पर्समधला फोन तीनदा वाजला, तेव्हा मी तो सरळ बंद करून टाकला.

त्याच आठवड्यात लेखी हुकूम निघाला. कुजबुजेने तो मला वाचायला आणून दिला. तिन्ही मंडयांची नावं, गाडीचा नंबर, आणि खाली एक ओळ: दुपारी बारा ते एक सदर कर्मचारी कामावर नसतील. कारणाच्या रकान्यात मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, चालणे.